लहान विमानाचे इंजिन हवेत बंद पडले तर वैमानिक नेमके काय करतो?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहतो. माझ्या एका सहकाऱ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे आणि चौघांच्या भागीदारीत घेतलेले, १९७० च्या दशकातले सेसना १७२ जातीचे चार आसनी विमान आहे. गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी त्याने मला पालो आल्टोच्या विमानतळावरून डोंगरापलीकडे, समुद्रकाठच्या हाफ मून बे येथे न्याहारीसाठी नेले. डोंगरमाथा ओलांडत असताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हळूहळू खाली येऊ लागला आणि पाठोपाठ इंजिन खोकू लागले. सहकारी एक शब्दही बोलला नाही. त्याने विमानाचे नाक किंचित खाली केले, दिशा थोडी बदलून मोकळ्या उताराकडे धरली आणि थ्रॉटलशेजारची (थ्रॉटल म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करण्याचा दांडा) एक कळ बाहेर ओढली. त्याबरोबर इंजिन सुरळीत होण्याऐवजी आणखीच धडधडू लागले. वीस-पंचवीस सेकंदांनी ते पूर्ववत झाले आणि आम्ही व्यवस्थित उतरलो, पण तेवढ्या वेळात खाली रेडवुडचे गर्द रान होते आणि माझे दोन्ही हात आसनाच्या कडेला घट्ट धरलेले होते.

न्याहारी करताना मी त्याला विचारले, की हेच उड्डाणानंतर लगेच झाले असते तर त्याने काय केले असते. तो म्हणाला, "पाचशे फुटांवर झाले असते तर मी धावपट्टीकडे वळलोच नसतो, समोर खाडीच्या दलदलीत उतरलो असतो." हे काही केल्या माझ्या पचनी पडत नाही. चांगली डांबरी धावपट्टी पाठीशी असताना माणूस चिखल का पत्करील?

माझी अकरा वर्षांची मुलगी आता त्या विमानातून जाण्याचा हट्ट धरून बसली आहे आणि पत्नीचा साफ नकार आहे. येथे उड्डाणाचा अनुभव असलेले काही सदस्य आहेत असे जुन्या धाग्यांवरून दिसते. इंजिन बंद पडल्यावर विमान दगडासारखे कोसळते का, वैमानिकाच्या हाती किती वेळ असतो आणि मागे न वळण्याचे कारण काय, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती.

---

वायव्य

मी टेक्सासमध्ये गेली सात वर्षे हौसेने उडवतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो, तिसऱ्यासाठी माझ्यापेक्षा अधिकारी माणसे येथे आहेत.

विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख, इंजिन नव्हे. पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहत राहिली की विमान तरंगते, आणि इंजिन बंद झाल्यावर तो वेग उंची खर्च करून मिळवावा लागतो, जसा सायकलस्वार पायडल न मारता घाट उतरतो. सेसना १७२ च्या जुन्या नमुन्यांत यासाठीचा सर्वोत्तम वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटर आहे. त्या वेगाने वारा नसताना हे विमान एक फूट खाली येताना अंदाजे नऊ फूट पुढे जाते. म्हणजे जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल, तर सुमारे आठ किलोमीटरच्या टप्प्यातली कोणतीही जागा तुमची आहे आणि हाती साधारण चार मिनिटे आहेत. मात्र वेग याहून कमी केला तर विमान अधिक लांब जाईल ही समजूत चुकीची आहे, वेग वाढवला तरीही अंतर घटतेच. समोरून वारा असेल किंवा वळणे घ्यावी लागली, तर त्या आठ किलोमीटरांतून वजावट होते हेही लक्षात ठेवावे.

क्रम आम्हाला घोकून घ्यायला लावतात. आधी वेग, मग जागा, मग दुरुस्तीचा प्रयत्न. दुरुस्ती म्हणजे इंधनाची कळ योग्य टाकीवर आहे का, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची कळ पूर्ण आत आहे का, कार्ब्युरेटरची (हे मिश्रण तयार करणाऱ्या भागाची) ऊब चालू आहे का, प्रज्वलनाची किल्ली दोन्ही मॅग्नेटोंवर (ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या यंत्रांवर) आहे का. तुमच्या सहकाऱ्याने नाक खाली केले, मोकळा उतार धरला आणि मगच कळ ओढली, म्हणजे हाच क्रम पाळला. इंजिन परत आले नाही तर नियंत्रण कक्षाला, ते लागत नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झवर, तीनदा 'मेडे' म्हणून ठिकाण कळवायचे आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा संकटाचा क्रमांक लावायचा. जमीन जवळ आली की इंधन आणि प्रज्वलन बंद करायचे, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) हवे तेवढे खाली आले की विजेची मुख्य कळही बंद करायची (या विमानाचे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ती शेवटी), आणि टेकण्यापूर्वी दारे कडीतून सोडून ठेवायची. धक्क्याने चौकट वाकली तर बंद दार मग उघडत नाही.

संवाद सर्वांत शेवटी का, असे माझ्या आईने मला विचारले होते. रेडिओवरचा माणूस विमान वर उचलून धरू शकत नाही, एवढेच उत्तर मला सुचले.

---

तिफण

मी महाराष्ट्रातील एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत बावीस वर्षे शिकवले. धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विद्यार्थी पहिल्यांदा जरा मोकळा होऊन खाली शेते पाहू लागला, की मी न सांगता थ्रॉटल पूर्ण मागे ओढीत असे आणि म्हणत असे, "इंजिन गेले." दहांपैकी आठ जणांचा हात पहिल्या क्षणी योक (नाक वर-खाली करण्याचे, हातातले चाक) स्वतःकडे ओढतो. जमीन नको असते, म्हणून माणूस नाक वर करतो, आणि त्याच हालचालीने उरलासुरला वेग निघून जातो. मी माझी दोन बोटे माझ्या बाजूच्या योकमागे तयार ठेवीत असे. वर्षानुवर्षांनंतरही विद्यार्थी भेटले की त्या दोन बोटांचीच आठवण काढतात.

आता मागे वळण्याचा हिशेब पाहू. बहुतेकांना वाटते, की हे १८० अंशांचे वळण आहे. तसे नसते. वळण पूर्ण होईपर्यंत विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला गेलेले असते, त्यामुळे आणखी वळून पुन्हा रेषेवर यावे लागते आणि एकूण वळण अडीचशे अंशांच्या घरात जाते. ७० नॉट वेगाने आणि तीस अंशांच्या कलाने याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो, आणि कललेले विमान सरळ विमानापेक्षा लवकर खाली येते. वेळ वाचवण्यासाठी कल पंचेचाळीस अंशांचा केला तर वळण निम्म्याहून थोड्या अधिक वेळात होते, पण पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि ज्या वेगाला विमान स्टॉल होते, म्हणजे पंख उचलून धरेनासे होतात, तो वेग १९ टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात पन्नास नॉटपर्यंत पंख साथ देत असतील, तर त्या वळणात ते साठाच्या आतबाहेरच साथ सोडतात. यात सुरुवातीचे चार-पाच सेकंद मिळवा, ज्यांत 'हे खरेच घडते आहे' यावर मन विश्वास ठेवायला तयार नसते. पाचशे फुटांतून एवढे सगळे वजा केल्यावर शिल्लक काय राहते ते आपणच पाहावे.

घातक गोष्ट मात्र पुढेच आहे. धावपट्टी नजरेत येते, ती थोडीशी लांब दिसते, आणि वैमानिक नकळत नाक वर धरतो आणि पायातल्या पेडलांनी शेपटीचे सुकाणू दाबून वळण रेटू लागतो. दोन-तीनशे फुटांवर अशा अवस्थेत एक पंख स्टॉल झाला तर विमान त्या बाजूला उलटते आणि गिरकी सावरायला उंचीच उरत नाही. धावपट्टीच्या अलीकडे झाडीत आपल्या ताब्यात उतरलेले विमान आणि धावपट्टीच्या शेजारी नाकावर पडलेले विमान यांत माणसाच्या जिवाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिवाय उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर केलेले असते, त्यामुळे मागे वळलात की वारा पाठीशी येतो. हवेतला वेग ५० नॉट आणि वारा १० नॉट धरला, तर समोर उतरताना जमिनीला टेकण्याचा वेग ४० होतो आणि मागे वळून उतरताना ६०. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती सव्वादोन पट झाली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या पुस्तिकेत याच संबंधात एक हिशेब दिला आहे, तो मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर लिहून दाखवीत असे. ताशी ५० मैल वेगाने टेकलेले विमान एकसारखे मंदावत गेले, तर गुरुत्वाच्या नऊपट धक्का सोसून थांबायला त्याला फक्त साडेनऊ फूट पुरतात, आणि वेग दुप्पट असेल तर चौपट अंतर लागते. साडेनऊ फूट म्हणजे आपल्या घरातल्या एका खोलीची लांबी. म्हणून जागा लहान आहे याची भीती कमी बाळगावी आणि वेग जास्त आहे याची अधिक. पंख झाडांत तुटले तर तुटू द्यावेत, तेवढीच ऊर्जा बाहेरच्या बाहेर खर्च होते.

जागा निवडण्याबद्दलही लिहितो, कारण परदेशी पुस्तकांतली शेते आणि आपली शेते वेगळी आहेत. वरून सर्वांत मऊ आणि हिरवागार दिसतो तो ऊस, पण डोक्याएवढ्या उसात चाके अडकली की विमान नाकावरून पालथे होण्याचा धोका मोठा. ज्वारी काढलेले रान किंवा पडीक माळ मिळाला तर उत्तम. नांगरलेल्या रानात तासांच्या दिशेने उतरावे, आडवे कधीही नाही, आणि पावसाळ्यात वापसा नसलेल्या काळ्या रानात पुढचे चाक रुतणार हे गृहीत धरून नाक शेवटपर्यंत उचलून ठेवावे. बांध वरून सपाट रेघेसारखे दिसतात, जवळ आल्यावर कमरेएवढे निघतात. रस्ता मोहात पाडतो, पण रस्त्याकडेच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून तारा शोधू नयेत, खांब शोधावेत. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक सेसना १५२ इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात पडले, तेव्हा विमानाची मोडतोड झाली, पण एकटीच उडवत असलेली प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर बचावली. त्या आठवड्यात छायाचित्रे पाहून अनेकांनी मला दूरध्वनी करून हळहळ व्यक्त केली. मी प्रत्येकाला म्हणालो, की मुलगी चालते-बोलते आहे, विमानाचे काय घेऊन बसलात.

---

पाणवठा

दोघांचेही मनापासून आभार. त्या योकमागच्या दोन बोटांवरून आठवले, माझा सहकारी उतरताना उजव्या हाताची दोनच बोटे थ्रॉटलवर ठेवतो.

एक शंका मात्र उरते. हॅरिसन फोर्ड हा अभिनेता २०१५ मध्ये सांता मोनिकाहून उडाला, इंजिन बंद पडल्यावर विमानतळाकडे वळला आणि गोल्फच्या मैदानावर उतरून वाचला, असे येथे सर्वांना ठाऊक आहे. मग वळणे नेहमीच चुकीचे कसे म्हणता येईल?

---

पाना_पक्कड

मी विमानांच्या देखभालीचे काम करतो, उडवत नाही. त्या अपघाताचा चौकशी अहवाल आमच्या हँगरमध्ये चहाबरोबर पुष्कळदा चघळला गेला आहे, म्हणून लिहितो.

तारीख ५ मार्च २०१५. विमान १९४२ चे रायन पीटी-२२, दुसऱ्या महायुद्धातले प्रशिक्षण विमान, पाच सिलिंडरांचे किनर इंजिन. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती गेली. फोर्डने नियंत्रण कक्षाला तातडीने परत येतो असे कळवले, ताशी ८५ मैल हा वेग धरून ठेवला आणि डावीकडे वळण घेतले. धावपट्टी गाठता येत नाही हे दिसल्यावर त्याने पेनमार गोल्फ मैदानाची मोकळी जागा धरली. वाटेत एका उंच झाडाचा शेंडा लागला आणि विमान धावपट्टीच्या टोकापासून सुमारे आठशे फूट अलीकडे पडले. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला.

म्हणजे तिफण सरांच्या मुद्द्याला हे उदाहरण छेद देत नाही, उलट पुष्टीच देते. वळण घेऊनही धावपट्टी मिळाली नाहीच. तो वाचला तो वेग न सोडल्यामुळे आणि धावपट्टीचा नाद वेळेवर सोडल्यामुळे. सांता मोनिकाला चहूबाजूंनी वस्ती आहे, त्यामुळे समोर उतरायला फारसे पर्याय नव्हते हेही त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट इंजिनात सापडली. कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी नोजल, आपल्या बैठकीतून फिरून सुटला होता. त्यामुळे प्रमाणाबाहेर इंधन गेले आणि इंजिन गुदमरले. कार्ब्युरेटरची पुनर्बांधणी सुमारे सतरा वर्षांपूर्वी झाली होती आणि तो जेट अधूनमधून तपासावा असे देखभालीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नव्हते. खांद्यावरच्या पट्ट्याची बैठकही नीट केलेली नव्हती, त्यामुळे इजा वाढली. आमच्याकडे जुन्या विमानांच्या मालकांना पट्टे तपासा म्हटले की ते हसतात, त्यांना मी हा अहवाल दाखवतो.

आता तुमच्या इंजिनाच्या खोकल्याविषयी. लक्षणे तुम्ही सांगितली तशीच असतील, तर माझा अंदाज कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचा आहे. अरुंद नळीतून हवा वेगाने जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तेथील तापमान झपाट्याने खाली येते. हवेत दमटपणा असेल तर त्याचा बर्फ होऊन नळीच्या कडांना धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यासाठी बाहेर थंडी असावीच लागते असे नाही. २१ अंश सेल्सियसच्या खाली आणि ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत धोका सर्वांत जास्त, पण ३८ अंशांतही बर्फ धरू शकतो. पॅसिफिककाठची धुकट सकाळ याला अगदी अनुकूल. ज्या विमानांत पंख्याच्या पात्यांचा कोन बदलत नाही, त्यांत पहिली खूण म्हणजे फेऱ्यांचा काटा कारण नसताना खाली येणे.

तुमच्या मित्राने ओढलेली कळ नळीत गरम हवा सोडते. बर्फ वितळतो आणि ते पाणी इंजिनातूनच जाते, म्हणून इंजिन आधी जास्त धडधडते. नवखा माणूस घाबरून कळ परत आत ढकलतो आणि बर्फ तसाच राहतो. तुमच्या मित्राने ते वीस-पंचवीस सेकंद कळ सोडली नाही, हे मला त्याच्या परवान्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. १९९६ नंतरच्या सेसना १७२ मध्ये कार्ब्युरेटरच नाही, इंधन थेट फवारले जाते, त्यामुळे ही विशिष्ट कटकट तिथे उरली नाही.

जाता जाता, इंजिनाचे दुखणे आपल्याकडच्या हवाई इतिहासाइतकेच जुने आहे. १९३० मध्ये आगाखान यांनी लावलेल्या भारत-इंग्लंड एकट्याच्या उड्डाणाच्या शर्यतीत अस्पी इंजिनीयर हा तरुण इजिप्तमध्ये अबूकीरला स्पार्क प्लगअभावी अडकला होता. उलट दिशेने येणाऱ्या जे. आर. डी. टाटांनी आपल्याकडचा प्लग त्याला दिला आणि पुढे शर्यत अस्पीनेच जिंकली.

---

उंबरठा

सिरस कंपनीच्या विमानांत संपूर्ण विमानालाच पॅराशूट असते, याचा उल्लेख कोणी केला नाही. मुलीला न्यायचे असेल तर तसे विमान भाड्याने घ्यावे असे मला वाटते.

---

वायव्य

सूचना चांगली आहे, पण त्या पॅराशूटलाही उंची लागते. सुरुवातीच्या एसआर-२२ मध्ये सपाट उड्डाणातून उघडताना सुमारे ४०० फूट आणि गिरकीतून उघडताना ९०० फुटांहून अधिक उंची खर्च होते असे त्याच्याच पुस्तिकेत आहे. म्हणजे धागाकर्त्याने विचारलेल्या पाचशे फुटांच्या प्रसंगात ते जेमतेम कामी येईल. शिवाय भाड्याच्या अनोळखी विमानापेक्षा ज्याच्या आवाजातला फरक मालकाला कानाने कळतो, त्या विमानात मी माझ्या मुलाला आधी बसवीन. यावर मतभेद असू शकतात.

---

पाणवठा

सर्वांचे प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवले. कालच आम्ही चौघे सहकाऱ्याच्या हँगरवर गेलो होतो, उडालो नाही. त्याने देखभालीची वही पुढ्यात ठेवली आणि खांद्याचे पट्टे पत्नीला स्वतः ओढून पाहायला लावले. पुढच्या वेळी डोंगरमाथा अधिक उंचीवरून ओलांडू, म्हणजे दोन्हीकडचे सपाट मैदान टप्प्यात राहील, असे तो म्हणाला. दमट सकाळ असेल तर कार्ब्युरेटरची ऊब काटा खाली येण्याआधीच अधूनमधून लावून पाहतो, असेही त्याने मान्य केले. पत्नीने अजून होकार दिलेला नाही, पण 'नाही' म्हणणे थांबवले आहे.

पंखाखालच्या तोटीतून पारदर्शक पेल्यात पेट्रोल काढून तळाशी पाण्याचा थेंब आहे का ते पाहण्याचे काम त्याने मुलीकडे दिले. पाणी निघाले नाही. ते पेट्रोल निळे का असते, हे मात्र आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नाही.

---

पाना_पक्कड

कमी शिशाच्या शंभर ऑक्टेन विमान-पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग मुद्दाम घालतात. जेट विमानांचे इंधन फिकट गवती किंवा रंगहीन असते आणि ते चुकून या इंजिनात गेले तर ते बंद पडते. तिला सांगा, पेला पांढऱ्या कागदापुढे धरून पाहायचा, आणि निळा दिसला तरी नाकाजवळ नेऊन वास रॉकेलसारखा येत नाही ना हेही पाहायचे, कारण टाकीत दोन्हींची सरमिसळ असेल तर नुसत्या रंगावरून कळत नाही.